ताईला विचारायचा प्रश्न

४ मार्च
आजपासून रोजनिशी. कुणाला दाखवायची नाही, स्वतःच्या शिस्तीसाठी. माझ्या दवाखान्याच्या पाटीवर 'सामान्य व स्त्रियांचे विकार' असं लिहिलंय, पण स्त्रियांचे विकार हाच आपला खरा हातखंडा. बायका माझ्याशी मोकळ्या बोलतात, कारण मी न लाजता विचारतो. सकाळी बेकरीवाल्याच्या बायकोला एका दमात सगळं विचारून मोकळा झालो.
दुपारी ताई आली. माझी थोरली बहीण. जिना चढला की धाप लागते म्हणाली, चक्कर येते. नाडी पाहिली. नखं पांढरी. खालची पापणी ओढून पाहिली, तीही पांढरी. अशा वेळी कुठल्याही बाईला पहिला प्रश्न पाळीचा. अंगावरून फार जातं का, किती दिवस जातं. ताईला विचारलं, भूक कशी आहे.
उद्या विचारणार.

५ मार्च
विचारलं नाही. ताई आलीच नाही, तर कुणाला विचारणार. फोन होता खरा, पण असले प्रश्न फोनवर विचारू नयेत असं माझं मत आहे. मत आजच झालं.

९ मार्च, सकाळी
ठरलं. दवाखान्यात ताई म्हणजे बहीण नाही, पेशंट. आरशासमोर प्रॅक्टिस केली. पाळी वेळेवर येते का? आवाज शांत, चेहरा गंभीर. उत्तम जमलं.

९ मार्च, दुपारी
ताई खुर्चीत बसली आणि म्हणाली, तुझ्या शर्टाचं बटण लोंबतंय, काढ, लावून देते. नुसत्या बनियनवर बसलेल्या माणसानं तो प्रश्न विचारायचा कसा? शतावरी दिली. निघताना ती दाराची चौकट धरून जरा थांबली. माझं लक्ष नाही असं मी दाखवलं. हे काही बरं केलं नाही.

१० मार्च
दवाखान्यात औषधं बायको काढून देते, त्यामुळे तिला सगळं दिसतं. म्हणाली, मी विचारू का ताईंना, दोन मिनिटांचं काम आहे. मी म्हटलं, पेशंट माझा आहे. ती म्हणाली, मग विचारा. हिला वैद्यकातलं गांभीर्य कळत नाही.

१४ मार्च
आयडिया सुचली. सगळ्या बायका पेशंटसाठी छापील प्रश्नावली. एकदम शास्त्रशुद्ध. ताईनं आपल्या आपण खुणा करायच्या, मी खिडकीबाहेर बघायचं. हे आधी कसं सुचलं नाही. छापायला दिली.

१६ मार्च
ताई चष्मा विसरली. म्हणाली, तूच वाच रे. नाव वाचलं, वय वाचलं. भूक, झोप, तहान वाचली. मग एकदम तळाशी उतरून म्हटलं, इथे सही कर. ती म्हणाली, मधलं बरंच राहिलं वाटतं. म्हटलं, ते इतर बायकांसाठी आहे.
बायको आत बाटल्या आपटत होती.

१८ मार्च
अंदाजानं पाळीच्या तक्रारींवरचं अशोकारिष्ट दिलं. ते कशावर घेतात हे बाटलीवरच छापलेलं असतं, म्हणून लेबल गरम पाण्यात भिजवून सोलून काढलं. कसलं औषध, असं ताईनं विचारलं. म्हटलं, पाचक. बहिणीशी खोटं बोललो. पण औषध तर योग्य दिलं ना.
खरं तर रक्त तपासायला पाठवायला हवं होतं. चिठ्ठी लिहायला घेतली, तर चिठ्ठीत कारण लिहावं लागतं. पुढच्या वेळी.

२३ मार्च
बायकांच्या मंडळात माझं व्याख्यान झालं. विषय 'संकोच सोडा'. फारच रंगलं. म्हटलं, पाळीबद्दल बोलायला लाजता आणि त्या लाजेपायी दुखणं अंगावर काढता. टाळ्या पडल्या. सगळ्या जणी हातातल्या कागदांनी वारा घेत होत्या. पहिल्या रांगेत ताई मात्र शाल लपेटून बसली होती. शेवटी मी म्हटलं, मोकळेपणानं प्रश्न विचारा. ताईचा हात वर गेला. मी मागच्या रांगेकडे बोट केलं आणि म्हटलं, हां, तुम्ही बोला. मागच्या रांगेत कुणीच हात वर केला नव्हता.
घरी येऊन जेवण गेलं नाही. आधी वाटलं, वात वाढला असेल. वात नाही. लाज वाटते आहे, माझी मलाच.

२४ मार्च
उद्या उठून थेट ताईच्या घरी. पहिलं वाक्य तेच. चहासुद्धा नंतर. आता माघार नाही.

२५ मार्च, सकाळी
गेलो. वाटभर वाक्य घोकत गेलो. घराला कुलूप. शेजारीण म्हणाली, ताई पहाटे मोरीत चक्कर येऊन पडल्या, नवरा-बायको दोघं चौकातल्या डॉक्टरीणबाईंच्या हॉस्पिटलात गेलीत. तिथे निघालोय.

२५ मार्च, संध्याकाळी
ताईला रक्त चढवतायत. गर्भाशयात गाठ आहे, मोठी. ऑपरेशन करावं लागणार. आधी अंगात रक्त भरू दे, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.
मी पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाई कॉटशेजारी उभ्या राहून विचारत होत्या, अंगावरून किती दिवस जातं. माझा प्रश्न. त्यांना तो विचारायला काहीच वेळ लागला नाही. उत्तर ताईच्या नवऱ्यानं दिलं. आमचे भाऊजी शिंपी आहेत, चार माणसांत तोंड उघडत नाहीत. पण आज खणखणीत सांगत होते. पाळी आली की थांबतच नाही, गुठळ्या पडतात, मध्येच उठून चादर बदलावी लागते, मीच धुतो. शेजारच्या कॉटवरचे लोक ऐकत होते. भाऊजींना त्याचं काही नव्हतं.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, इतके दिवस कुणाला दाखवलं नाहीत? भाऊजींनी माझ्याकडे बघितलं नाही. ताई डोळे मिटूनच म्हणाली, भावाला सांगायला दर वेळी जात होते, पण तो कानापर्यंत लाल होतो. म्हटलं, कशाला त्याला अवघडून टाकायचं.
म्हणजे त्या दिवशी शर्टाच्या बटणाचा विषय तिनं मुद्दाम काढला होता. माझी सुटका व्हावी म्हणून. बाहेर बाकावर जाऊन बसलो.
मग नर्स ऑपरेशनचे कागद घेऊन आली. म्हणाली, नातेवाइकांत कुणी डॉक्टर आहे का, म्हणजे त्यांनाच सगळं समजावून सांगते. भाऊजी माझ्याकडे बघू लागले.
मी म्हटलं, कुणी नाही. मी तिचा भाऊ.