टेबलावरचा अर्धा डाग

अहो,

आधी 'प्रिय' लिहिलं होतं, मग खोडलं. जन्मभर 'अहो' म्हटलं, आता म्हातारपणी कागदावर कुठं लाज सोडू! परवा तुमचं वर्षश्राद्ध. चार माणसं येणार म्हणून सकाळी वर्षभर टाकून ठेवलेली चादर काढून तुमचं टेबल साफ करायला घेतलं आणि असा घोळ होऊन बसलाय, की तुम्हाला विचारल्याशिवाय मला काही सुचेना.

तुमच्या सागवानी टेबलावर पाण्याचा डाग पडलाय. गोल, पांढरा, तांब्याच्या बुडाएवढा. ओरडा आता! जळकोटच्या सुताराकडून करून घेतलेल्या या टेबलापायी काय काय ऐकलंय मी! "अगं, बशी घाल खाली, बशी!" न्हाणीत असलात तरी बाहेर पेला टेकल्याचा आवाज तुम्हाला बरोबर यायचा. तुमच्या वर्गातली पोरं घाबरली नसतील एवढे पाव्हणे तुम्हाला घाबरायचे.

पण हा डाग तुमच्याच पाण्याचा आहे हो. तुम्हाला सोलापूरच्या दवाखान्यातून आणलं, सगळं उरकलं, आणि तुमच्या नावाचं दिवा-पाणी कुठं ठेवायचं यावर चर्चा सुरू झाली. माकणीच्या आक्का म्हणाल्या, "माझ्या भावाची जागा ही. पाणी हितंच." मग दिवा खाली पिठावर आणि पाण्याचा तांब्या टेबलावर. दहावं होईस्तोवर तो तिथंच होता. बशी घालायचं कुणालाच सुचलं नाही. मलासुद्धा!

सकाळी उठले की मी आधी तांब्यात डोकवायची. पाणी रोज कमी! आक्का डोळ्याला पदर लावायच्या. "प्याला गं, माझा भाऊ प्याला."

मला त्याचं किती बरं वाटायचं, सांगू? दवाखान्यात शेवटच्या दिवशी तुम्ही पाणी पाणी करत होतात. डॉक्टर म्हणाले, थेंबभरही द्यायचं नाही. मी ओला कापूस ओठांवरनं फिरवला, तर तुम्ही तो दातांत धरून चोखायला लागलात. मी काढून घेतला. डॉक्टरांचं ऐकावं, हे तुम्हीच तर सांगायचात सगळ्यांना. मग माझ्याकडं तसं का बघितलंत?

तर डाग. शेजारीण म्हणाली टूथपेस्ट लावा. सूनबाईनं फोनवरनं खोबरेल सांगितलं. दोन्ही केलं, नुसता चिकटा झाला. शेवटी तुमच्या जुन्या धोतराची घडी ठेवली आणि वरून कोमट इस्त्री फिरवली. घडी उचलून बघते तर काय, डाग चाललाय! अर्धा तर गेलाच. मला इतका आनंद झाला, की श्राद्धासाठी एकटाच पुढं आलेल्या आपल्या सुहासला हाका मारून बोलावलं.

तो आला, शहाणा! डाग बघितला, फळीवरचा तो तांब्या काढला, खिडकीशी नेऊन बुडाला बोट लावलं. "आई, ह्याचा सांधा गेलाय वाटतं. झिरपत असणार, म्हणून तर डाग पडला. कागदावर भरून ठेव, लगेच कळंल."

मी इस्त्री बंद केली ती केलीच.

म्हणजे पाणी तुम्ही प्यालात, का टेबलानं? उन्हाळा होता, पाणी आटतं, हे मलाही कळतं. मी काय येडी न्हाय! पण मग आक्का खोट्या कशा? डाग पुसला तर तुमचं पाणी इथं होतं त्याची खूणच जाते. ठेवला तर येता-जाता तो मला म्हणणार, झिरपलं, झिरपलं. तुम्ही असतात तर एका वाक्यात निकाल लावला असतात. मला एकटीला हे कोडं घालून कशाला गेलात? उरलेल्या अर्ध्या डागाशेजारीच कागद ठेवून लिहितेय, आणि लई गोंधळ उडालाय डोक्यात.

खरं सांगा, तहान भागली का हो?

सुहासच्या हातातनं मी तांब्या काढून घेतला आणि ज्वारीच्या कोठीत पार तळाशी घातलाय. तुम्हाला शब्द देते, त्यात मी पाणी भरून बघणार नाही आणि कुणाला बघूही देणार नाही. राहिलेला डाग उद्या पुसते, तुमचं टेबल तुम्हाला हवं तसं करून ठेवते. आणि रोज निजायच्या आधी त्यावर फुलपात्र भरून ठेवीन, खाली बशी घालून. सकाळी पाणी कमी झालेलं नसलं, तर घोटभर मीच पिऊन टाकीन. भरलेलं कुणाच्या नजरेला पडू देणार नाही.

तुमची,
'अगं'