फोनसाठी घातलेला मांडव

प्रिय हिराबाय,

तुझ्या रेश्माच्या लग्नाच्या पत्रिका छापून आल्या. पहिली देवापुढं ठेवली. दुसरी तुझ्या फोटोपुढं ठेवायला भाऊजींनी माझ्या हातात दिली आणि मला असा राग आला म्हणून सांगू! जिच्या पोटची पोर, तिला छापील आमंत्रण? 'सहकुटुंब सहपरिवार येण्याचे करावे' म्हणे! ठेवली बाजूला ती पत्रिका, जुन्या वहीतलं पान फाडलं आणि बसले लिहायला. माझी शाळा तिसरीपातूर, तुला ठाऊक हाय. तुला तर वाचताच येत नव्हतं, तरी माझ्या अक्षराला हसायचीस. "कोंबडीनं उकिरडा विस्कटल्यावानी लिवतेस गं, सुंदर." आता त्याच अक्षरात घे. वाचायचं कसं ते तुझं तू बघ.

आधी भांडून घेते. आमंत्रण मागून.

तू गेलीस ती गेलीसच, पण तो आवतनाचा धवला का नेलास? लग्नात गायचे बाकीचे धवले गावात चार जणींना येतात. हळदीचे येतात, मांडवाचे येतात. पण पितरांना एकेकाचं नाव घेऊन मांडवात बोलवायचा धवला एकटीला तुला येत होता. तुला सासूनं दिला, तिला तिच्या सासूनं. मला का नाय दिलास गं? तेवीस वर्षं तुझ्या मागं बसून गायले. तू ओळ टाकायचीस, मी उचलायची. लोक म्हणायचे, दोघी जावांचा एकच गळा हाय. कसला एक? चिखलात पुढच्याच्या पावलात पाऊल टाकत चालणारी बाई मी. पुढचा माणूस गेला आणि कळलं, मला बांध कुठं वळतो ते पण माहीत नाय.

मी विचारलं नव्हतं असं म्हणू नकोस. ओट्यावर वाल सोलताना किती वेळा विचारलं, "बाय, एकदा नावं सांग ना." तुझं एकच. "मांडव नसताना नाव घेऊ नये. हाक मारली की ते येतात, उंबऱ्यात उभे राहतात. बसायला मांडव नाय, पुढ्यात ताट नाय. उपाशी परत पाठवायचे काय?" हट्टी बाई! मेलेल्यांच्या पोटाची एवढी काळजी आणि जित्या माणसाचं डोकं फिरलं तरी चालेल!

शेवटी मीच उपाय काढला ना? दसरा झाल्यावर म्हटलं, मांडवच पाहिजे ना तुला, घालू या. त्यात बसून म्हण, रेश्मा फोनात भरून घेईल. अंगणात चार बांबू रोवले, वर आंब्याच्या डहाळ्यांचा टाळा टाकला. भाऊजी हसले. "लगीन कोनाचं गं सुंदर?" मी म्हटलं, "फोनचं!" तू पण हसलीस. मग उठून पेटीतलं लुगडं बाहेर काढलंस.

तो रविवार माझ्या डोळ्यापुढून जात नाय. तू हिरवं लुगडं नेसलेली, कपाळाला रुपयाएवढं कुंकू. तांदळाच्या भाकऱ्या, वालाचं बिरडं, पाच पानं वाढून झाकून ठेवलेली. पितर आल्यावर जेवायला नको? मांडवाखाली चटई टाकून बसलीस आणि विचारलंस, "म्हनू का गं?"

आणि रेश्मा म्हणाली, "आई, थांब."

काय म्हणाली ऐक परत, तुझीच लेक हाय. "हा फोन खरखरतो गं. पाच मिनटात बंद पडतो. मी नवीन मागवलाय, आठ दिवसांत येईल. त्यात नवी सिस्टीम येणार हाय, ती आजूबाजूचा सगळा गोंधळ काढून टाकते. नुसता मानसाचा आवाज ठेवते. आईचा धवला एकदाच व्हनार, तर चांगला होऊ दे."

मोहोपाड्याच्या कंपनीत ऑफिसात बसते, महिनाभर दुसरं बोलणं नव्हतं पोरीच्या तोंडात. नवीन फोन असा, नवीन सिस्टीम तशी. डब्यात भाजी काय न्यायची ते विचारलं तरी मान वर नाय, फोनातच बघायची कधी येणार, कुठल्या रंगाचा घ्यायचा. मी एकदा म्हटलं पण, "अगं, नवऱ्याची पण कुणी एवढी वाट बघत नाय!" तर म्हणते कशी, "नवरा दर वर्षी सुधारून येत नाय, काकी!" तू पदर तोंडाला लावून हसलीस. लाडावून ठेवली तूच!

पण खरं सांगू? आज राग काढायचाय तर पुरता काढते. रेश्मा म्हणाली 'थांब', पण तू तिच्याकडं बघितलंच नाहीस. तू माझ्याकडं बघितलंस. मी होय म्हटलं असतं तर तू सुरू केलं असतंस, फोन गेला खड्ड्यात. आणि मी म्हटलं, "राहू दे, बाय. आठ दिवसांनी काय होतंय?"

मी म्हटलं ते. मी! सगळ्या गावाला तोंडावर बोलणारी, कुणाचं ऐकून न घेणारी, त्या एका दिवशी कशी गं शहाण्यासारखी वागले?

आणि तू पण ऐकलंस. कधी ऐकलं होतंस माझं? मीठ कमी घाल म्हटलं तर ऐकलं नाहीस, दम लागतो तर डॉक्टरकडं चल म्हटलं तर ऐकलं नाहीस, आणि 'थांब' म्हटलं ते बरं ऐकलंस! "बोलवलंच नाय तर पानं कोनाला?" म्हणालीस, आणि आपण तिघींनी पितरांच्या वाटणीच्या भाकऱ्या खाल्ल्या. चटई गुंडाळलीस. लुगड्याची घडी घालताना म्हणालीस, "मांडव मोडू नका, फोन येऊ दे."

फोन काय आठ दिवसांत आला नाय. आज येतो, उद्या येतो. टाळा वाळला, पानं अंगणभर उडाली. रोज सकाळी झाडताना मी शिव्या घालायची आणि तू म्हणायचीस, "असू दे गं. मांडव हाय तो, आशीर्वाद लागतो." सोळाव्या दिवशी छातीत कळ आली म्हणून ओट्यावर टेकलीस. पनवेलला न्यायला गाडी आली तेव्हा तू आमच्यात नव्हतीस.

मग काय झालं तुला ठाऊक नाय, सांगते. पुरुषमाणसं तिरडी बांधायला बांबू शोधत होती. कुणीतरी अंगणातले उपटले. मी घरात तुझे केस विंचरत होते. बाहेर आले तर तुझ्या मांडवाचे दोन बांबू तुझ्याच तिरडीला बांधलेले. मी किंचाळले. सगळ्यांना वाटलं मी रडतेय. रडत नव्हते! राग आला होता, बाय. एवढा राग, की तुझ्या तोंडात पाणी पण नीट घातलं नाय, सगळं गालावरून खाली गेलं. 'म्हणू का' काय विचारतेस? म्हणायचं होतंस! धवलारणीनं कधी विचारून धवला म्हटलाय?

आणि फोन कधी आला सांगू? दहाव्याला. नदीवरून ओल्या अंगानं घरी येतो तर दारात पार्सलवाला. "हिराबाईंच्या घरीच ना?" वाट सापडावी म्हणून रेश्मानं तुझं नाव घातलं होतं पत्त्यात. मी त्याला असं बोलले की बिचारा खोकं पायरीवर ठेवून पळाला. रेश्मानं ते उघडलं नाय. माळ्यावर टाकलं, तांदळाच्या कणगीमागं. महिनोन्महिने तिथंच.

आता लग्न वर्षाच्या आतच करायचं ठरलं, नायतर तीन वर्षं थांबा म्हणतात. थांबायचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं, मी म्हटलं आत्ताच उरका. मग प्रश्न आला आवतनाचा. पितरांना बोलवणार कोण? गेल्या आठवड्यात रेश्मा आपण होऊन माळ्यावर चढली. खोकं खाली आणलं. तर त्या फोनला पण नवी सिस्टीम आधी उतरवून घ्यावी लागते म्हणे! आपल्या घरात रेंज कुठली? पाण्याच्या टाकीवर चढलो दोघी. भर उन्हात दीड तास मी छत्री धरून उभी, कुणावर? पोरीवर नाय, फोनवर. तापतो म्हणे! नवरी उन्हात आणि फोन सावलीत.

तुला पोशीरचं लग्न आठवतं? गेल्या साली आपल्या भावकीतलं. पितर तेच, नावं तीच. तेव्हा रेश्मानं तिचा जुना फोन, तो तेव्हा धड चालायचा, चालू करून माझ्या कमरेला खोचला होता. पण मांडवाला खेटून तो डीजे! घरी आल्यावर ऐकलं तर नुसती धडधड, धवला कुठं नि काय. तेच जुनं रेकॉर्ड तिनं नव्या फोनात घातलं. म्हणाली, "काकी, आता बघ. ही सिस्टीम गोंधळ काढून टाकंल, आई राहील."

डीजे गेला, बाय. खरंच गेला. ढोल गेला, पोरांचा आरडाओरडा गेला. आणि तू पण गेलीस.

फोन माझ्या कमरेला होता ना! जो जवळ तो माणूस, बाकी सगळा गोंधळ. त्या यंत्रानं तुला गोंधळात काढलं गं! ज्या बाईच्या आवाजावर पंचक्रोशीतली लग्नं लागली ती गोंधळ, आणि मी घोगरी तेवढी माणूस! फोन टाकीवरून खाली भिरकावणारच होते. रेश्मा माझा हात धरून रडायला लागली. "माझ्यामुळं झालं, काकी, मीच थांबवली तिला." मला तिच्या मुस्काटात मारावीशी पण वाटली आणि पोटाशी धरावीशी पण. पोटाशी धरली. मी काय म्हटलं होतं ते तिला सांगितलं नाय. तुला सांगितलं, बस झालं.

मग रडता रडता तिनं एकदम फोन माझ्या कानाला लावला. "काकी, ऐक. तू काय म्हणतेस ते ऐक."

मी ऐकलं. तू ओळ टाकायचीस, मी उचलायची. म्हणजे तू बोललेलं सगळं माझ्या तोंडात होतं. धर्मा ये, धर्माची गंगू ये, मांडवाखाली बैस ये. लखमा ये, लखमाची सोनी ये. एकेक नाव, माझ्या घोगऱ्या आवाजात, आणि प्रत्येक नावाआधी एक रिकामी जागा. तिथं तू होतीस. ती सिस्टीम तुला काढू शकली, तुझी जागा नाय काढू शकली.

मी लिहून घेतलं. माझ्या अक्षरात. अकरा जोडपी, बाय! आजोबांची नावं सातबाऱ्यावर सापडतील कधी ना कधी. आज्यांची नावं एका तुझ्या तोंडात होती.

पण एक नाय मिळालं. आणि ते माझ्या तोंडामुळं गेलं. 'गोमा ये' म्हटलं, तू पुढची ओळ टाकली असणार, मी उचलायची. तर तिथं रेकॉर्डमध्ये माझा आवाज येतो, "आवाज बारीक कर रं, मुडद्या! तुझ्या आयचं लगीन हाय का?" त्या डीजेवाल्यावर ओरडले होते मी. तेवढ्यात तुझी ती ओळ निघून गेली. पुढं एकदम लखमा.

गोमाची बायको राहिली. भाऊजींना विचारलं. "गोमाची म्हातारी," म्हणाले, "म्हातारीच म्हनायचे तिला." झालं! जन्मभर भात लावला, पोरं काढली, आणि नाव काय तर म्हातारी! पोशीरच्या भावकीत माणूस पाठवला, तिथं पण कुणाला ठाऊक नाय. लग्नाला आठ दिवस राहिले. मी चिडायचं कुणावर आता? डीजेवाल्यावर? फोनवर? माझ्यावरच चिडते आणि तुझ्यावर. तू जित्तेपणी सांगितलं असतंस तर काय बिघडत होतं? दोन घटका राहिली असती ती उंबऱ्यात उभी. आता कायमची उभी हाय.

म्हणून लिहिलं हे. पत्रिकेवर लिहिलंय तो मुहूर्त भटजींचा. आपला मुहूर्त आदल्या दिवशी सकाळचा, मांडव उभा राहिला की. पुढं मी बसणार. मागं कोण उचलेल? रेश्मा म्हणते ती उचलेल. नवरीनं धवला म्हटलेला बघितला नाय कुणी, पण मी हो म्हटलं. बायका नावं ठेवतील, ठेवू दे. फोन घरात कपाटात राहील. मांडव नसताना तिला शिकवते म्हणून रागावू नकोस. रोज सकाळी ओट्यावर दोघी बसतो, आणि बसायच्या आधी मी उंबऱ्यात भाकरी-बिरड्याचं पान वाढून ठेवते. कुणी आलंच हाक ऐकून, तर उपाशी जाणार नाय.

माझा तुला शब्द हाय, हिराबाय. नावं मी घेईन. कुणी थांब म्हटलं तरी थांबणार नाय. गोमा म्हटल्यावर तुझी ओळ संपेल एवढा दम घेईन, मगच पुढं जाईन. आणि सगळ्यांच्या शेवटी तुझं नाव. ते मला कुणाच्या मागून उचलावं लागणार नाय.

तेव्हा ये. हिरवं लुगडं नेसून ये. आणि एकटी येऊ नकोस. ती कोण ते तुला ठाऊक हाय. तिचा हात धरून तिला आत घेऊन ये. दोन पानं जास्तीची वाढलेली असतील.

तुझ्या मागं बसणारी,
धाकटी जाऊ सुंदर