स्पेनवाल्याची जांभळी सावली

चि. गुरुनाथ, अमेरिकेतल्या शुगर लँडहून आक्काचे आशीर्वाद.

मी ठणठणीत आहे. काल नातीने, निधीने, चित्रं बघायला नेलं. स्पेनमधला कोणी जुना चित्रकार. खेडं, समुद्र, वाळत घातलेलं धुणं, आणि ऊन असं की मी डोक्यावर पदर घेतला.

पण पांढऱ्या चादरीची सावली जांभळी! म्हटलं, "हा बाबा उन्हात कधी गेला होता का?" निधी म्हणाली, "आजी, ही वॉज राइट."

खात्री करायला मी ऑपरेशन झालेला डोळा झाकला. जांभळं गेलं, चादर चहाच्या फडक्यासारखी झाली. डोळा उघडला, पुन्हा जांभळं. बाहेर येऊन पांढऱ्या गाडीवर हात धरला, तिथेही सावली जांभळटच. जन्म उन्हात गेला, कधी बघितलीच नव्हती.

म्हणजे दिवाळीत चुना पिवळा मारला म्हणून तू रंगाऱ्याला शिव्या दिल्यास, तेव्हा भिंत पांढरीच होती. मोतीबिंदू तुझा पिकलाय. त्या डोळ्यांनी अजून फटफटी चालवतोस? बायकोलाही मागे बसवतोस?

सुईला घाबरतोस, ठाऊक आहे. माझाही दुसरा डोळा राहिलाय. मी परत आले की दोघं एकाच दिवशी ऑपरेशनला जाऊ. रडलास तर शेजारच्या खाटेवरून ओरडायला मी आहे.

तुझी आक्का