वाईट दिवसाच्या पताका

२ नोव्हेंबर, पारो

तीन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी आधी देवघरातल्या सात वाट्या पुसल्या. पाणी भरलं, काठापासून जवाच्या दाण्याएवढं कमी. गाय पिळली. अंगणातल्या धुपाटण्यात ओल्या फांद्या टाकल्या, धूर सरळ वर गेला. लोण्याचा चहा केला. माझा नवरा, नामगे, गाडीच्या टपावर ताडपत्री बांधत होता. परदेशी पाहुण्यांना घेऊन पूर्वेकडे निघायचं होतं, नेहमीसारखं.

मी पंचांग उघडलं. "मोठ्या खिंडीत कधी पोचशील?"

"अठराला."

मी बोट फिरवत वाचलं. "अठराला प्रार्थनेच्या पताका लावू नयेत असं आहे. त्या दिवशी लावल्या तर फडफडत राहतील तोवर विघ्न. पाहुण्यांना लावू देऊ नकोस."

तो हसला. गालात सुपारी कोंबली. "सांगतो हो, मास्तरीणबाई!"

मला कुणी शाळेत घातलं नाही. अक्षरं मी चाळिशीत शिकले, पंचांगावरून, साबणाच्या कागदांवरून, रस्त्यावरच्या पाट्यांवरून. नामगेला सही येत नव्हती. मी वाचायला लागले की तो हातातलं काम ठेवून ऐकायचा. मला वाटायचं, ऐकतो.

सहाव्या दिवशी त्याला फळीवर आणलं. खिंडीतल्या कड्यावरून पडला होता. मुठीत पताकांची दोरी होती, इतकी घट्ट की चितेवर ठेवण्याआधी एकेक बोट उघडावं लागलं. किन्ले, त्याच्या बहिणीचा मुलगा, त्या फेरीत पाहुण्यांचा वाटाड्या होता. तो म्हणाला, "मामा पताका लावायला चढला. पाय घसरला."

झालं. गावाला बोलायला मिळालं. शेजारची देमा मंदिराच्या ओट्यावर सगळ्यांसमोर म्हणाली, "बायको पंचांग वाचते आणि नवरा वाईट दिवशी पताका लावून मरतो. काय उपयोग त्या वाचण्याचा!"

तीन वर्षं झाली. एकही विधी चुकवला नाही. त्याच्या नावाने एकशे आठ पांढऱ्या पताका उभारल्या, चांगला दिवस बघून. पण हात जोडले की मनात प्रार्थना येत नाही, भांडण येतं. एवढंसं सांगितलं होतं, नामगे. एवढंसं ऐकायला काय झालं होतं?

उद्या मी त्याच रस्त्याने निघतेय. किन्लेचा स्वयंपाकी आजारी पडला. मी म्हटलं, मी येते. तो म्हणाला, "मामी, वर फार थंडी असते."

"मला थंडी माहीत नाही का रे?"

मला ती जागा बघायचीय. त्याने माझं का ऐकलं नाही, ते तिथे जाऊन विचारायचंय. कुणाला विचारणार, कोण जाणे.

४ नोव्हेंबर, पुनाखा

सात पाहुणे. हे आमची संस्कृती बघायला आलेत – किन्ले तसंच म्हणतो, छापील कागदातून वाचल्यासारखं. मीही संस्कृतीच आहे म्हणे! आज नदीकाठी लाकडी नळकांड्यात लोण्याचा चहा घुसळायला लावला. घरी मी दहा वर्षं मिक्सरवर करते. म्हटलं तसं किन्लेला. तो म्हणाला, "मामी, मिक्सरचं नाव काढू नकोस, पाया पडतो."

घुसळला. सगळ्यांनी फोटो काढले. प्यायलं कुणीच नाही. एका बाईने ओठ लावले आणि हसून कप गवतात ठेवला.

गाडी दोफू चालवतो. पंचविशी ओलांडलेला, तोंडाळ. नामगेच्या हाताखाली तयार झालेला. म्हणाला, "चाची, तो कप मला द्या. या लोकांना संस्कृती बघायची असते, प्यायची नसते."

बऱ्याच दिवसांनी हसले. मग लगेच राग आला स्वतःचाच.

५ नोव्हेंबर

दिवसभर वळणं. प्रत्येक वळणावर वाटलं, इथे तो गिअर बदलत असेल.

७ नोव्हेंबर, बुमथांग

आज पाहुण्यांसाठी मुखवट्यांचा नाच. सणाला अजून अवकाश आहे, पण कार्यक्रमात लिहिलंय म्हणून अंगणात नाचवले. मृत्युदेवाचा मुखवटा घातलेला माणूस मधेच थांबून खोकत होता. ढोल वाजवणारा घड्याळ बघत होता. देव तरी अशाने कसा यायचा? एका पाहुण्याने विचारलं, पुन्हा सुरुवातीपासून करतील का, त्याचा कॅमेरा चालू नव्हता. त्यांनी केलं!

चहाला नुसते ओठ लावणारी ती बाई, वेरा तिचं नाव, संध्याकाळी चुलीपाशी येऊन बसली. पांढरे केस, गुडघे दुखतात. किन्लेने आमचं बोलणं इकडून तिकडे करून सांगितलं. तिचाही नवरा गेलाय, यंदाच. पिशवीतून पाच रंगांच्या पताकांची गुंडाळी काढून दाखवली. बाजारातून घेतलेली, तिच्यावर शाईने नवऱ्याचं नाव लिहिलेलं. सगळ्यात उंच खिंडीत लावायची आहे तिला.

"कधी?" मी विचारलं.

"दहा तारखेला. आपण तेव्हाच तिथे असू," किन्ले म्हणाला.

खोलीवर येऊन पंचांग बघितलं. दहा तारीख. पुन्हा तेच. पताका लावू नयेत.

९ नोव्हेंबर, उरा

सकाळी बटाटे सोलताना किन्लेला सांगितलं. त्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"मामी, कार्यक्रम ठरलाय. ती बाई एवढ्या लांबून त्यासाठीच आलीय."

"मग एक दिवस थांबा."

"थांबता येत नाही. मोंगारला खोल्या घेतल्यात."

"फोटोला थांबता येतं. याकला थांबता येतं. परवा एका माणसाला ढग हवा होता तसा येईना, त्याला अर्धा तास थांबलास!"

"मामी, हळू बोल."

"तुझ्या मामालाही मी हेच सांगितलं होतं. त्यानेही ऐकलं नाही. बघितलंस ना काय झालं?"

किन्लेच्या हातातून चमचा पडला. उचललाही नाही त्याने. नुसता उभा. चुलीच्या धुराने डोळ्यांत पाणी आलं म्हणाला. चूल तोवर पेटवलीच नव्हती मी.

१० नोव्हेंबर, सेंगोर

लिहिते. नको वाटतंय. तरी लिहितेच.

खिंडीत धुकं होतं. जागा मी ओळखली, कुणी दाखवायची गरज पडली नाही. रस्त्याच्या वर एक काळा खडक. खडकाच्या पलीकडे दरी. दरीच्या तोंडावर झुकलेलं एक देवदाराचं झाड. त्या झाडापासून जुन्या पताकांची एक ओळ खाली लोंबत होती, रंग उडालेली, चिंध्या झालेल्या. खडकाकडचं टोक सुटं होतं. वारा आला की हलत होती.

दोफूने गाडी थांबवली आणि इंजिन बंद करून टोपी काढली. पाहुण्यांना कळलं नाही का ते.

वेराबाई पताका घेऊन उतरली. मी तिच्यासमोर उभी राहिले. हात आडवे केले. माझी भाषा तिला येत नाही, मी म्हटलं, "आज नको. बाई, आज नको गं." ती घाबरली. बाकीचे म्हणाले असतील, ही बाई काय करतेय. एकाने फोटो काढला.

मग किन्ले आला. मला वाटलं, मला बाजूला करणार. त्याने वेराबाईच्या हातातली गुंडाळी हळूच काढून घेतली, तिच्या भाषेत काहीतरी सांगितलं, ती मान हलवून गाडीत जाऊन बसली. आणि हा तिथेच रस्त्यावर खाली बसला. वाटाड्याचा पोशाख, पायात चकचकीत बूट, आणि चिखलात.

"मामानेही असेच हात आडवे केले होते," तो म्हणाला.

मला कळेना.

"मामी, पताका मामाने नाही लावल्या. मी लावल्या. एका जोडप्याला फोटो हवा होता. मामा म्हणाला, नको, घरी वाचून सांगितलंय. मी म्हटलं, मामी काय लामा लागून गेली का! सगळे हसले. दोफूसुद्धा."

दोफू गाडीपाशी उभा होता. त्याने मान वर केली नाही.

"मग?"

"फोटो झाला. सगळे गाडीत बसले. मामा म्हणाला, पाच मिनिटं. मी उतरवून येतो, नाहीतर विघ्न राहील, बायकोला काय तोंड दाखवू. सुरी घेऊन वर गेला. खडकाकडचं टोक कापलं. मग दोरी गोळा करत झाडाकडे निघाला, निम्म्या पताका तोडून खिशात घातल्या..." किन्ले थांबला. "मी हॉर्न वाजवला, मामी. उशीर होत होता म्हणून. दोनदा वाजवला."

वाऱ्याने ती ओळ हलली.

"खोटं का बोललास?"

"विचारलं असतं सगळ्यांनी, वाईट दिवशी पताका कुणी लावल्या. मला पुन्हा कुणी गाडीवर घेतलं नसतं."

"तीन वर्षं माझ्या हातचं जेवत होतास."

"हो."

मारावंसं वाटलं त्याला. हात उचललाही. मग हात तसाच राहिला, कारण दुसरंच काहीतरी कळत गेलं. लावणारा आणि उतरवणारा, दोघांच्याही मुठीत दोरी सारखीच दिसते. मी बोटं उघडली होती त्याची, स्वतः. दोरीचं एक टोक सुरीने कापलेलं होतं, दुसरं झटक्याने तुटलेलं. मी बघितलं होतं ते! अक्षरं वाचते म्हणून मिरवते, आणि नवऱ्याच्या मुठीतलं एवढं वाचता आलं नाही.

त्याने ऐकलं होतं. शब्द न शब्द ऐकलं. हसला, सुपारी चघळत गेला, आणि तरी ऐकलं.

तीन वर्षं मी मेलेल्या माणसाशी भांडले. आता भांडायचं कुणाशी? मी त्या दिवशी पंचांग उघडलं नसतं तर तो फोटो झाल्यावर गाडीत बसला असता. किन्लेने हॉर्न वाजवला. पण त्याला कड्यावर चढवलं कुणी? ते वाचलं कुणी?

गाडीत परत बसले. मोंगारपर्यंत जायला उशीर झाला, म्हणून खिंडीखालच्या सेंगोरलाच थांबलो. पाहुण्यांना वरण-भात केला. मीठ जास्त पडलं.

देमा, ऐक गं बाई. माझ्या नवऱ्याने वाईट दिवशी पताका लावल्या नाहीत.

११ नोव्हेंबर

आज दिवस चांगला आहे, दोनदा वाचून बघितलं.

किन्लेने पहिल्यांदाच कार्यक्रम थांबवला. पाहुणे सेंगोरलाच राहिले; वेराबाईच्या पताका नंतर, आधी त्या जुन्या उतरवायच्या होत्या. दोफूने आम्हाला पुन्हा खिंडीत आणलं. किन्ले म्हणाला, "मी चढतो, मामी." मी नाही म्हटलं. कमरेला दोरी बांधली, दुसरं टोक त्याच्या हातात दिलं आणि सांगितलं, मी खाली येईपर्यंत सोडायचं नाही, कितीही उशीर झाला तरी. तो धरून उभा राहिला. भाजी चिरायच्या सुरीने उरलेल्या अकरा पताका मी काढल्या.