येऊरचा पाचोळा आणि वर्षाली वहिनी

ठाकुर्ली,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय वर्षाली वहिनी,

नमस्कार. चिपळूणला, माहेरी थंडी सुरू झाली का? इथे अजून पंखा लागतो. तुझ्या आईबाबांची तब्येत कशी आहे? आई बरी आहे. गुडघा कुरकुरतो, पण बाजारात स्वतःच जाते, मला पाठवत नाही.

मोठी बातमी म्हणजे माझा प्रबंध मान्य झाला! तोंडी परीक्षेत परीक्षक बाईंनी विचारलं, "येऊरची माती एवढी पातळ, खाली लगेच खडक. मग त्यावर एवढं रान पोसतं कशावर?" मी म्हटलं, स्वतःच्याच पाचोळ्यावर. पालाश, म्हणजे पोटॅशियम, पहिल्या पावसांतच पानातून निघून जातं, मुळं ते लगेच उचलतात. नत्राचं मात्र उलटं. आधी ते पानात वाढतं, कारण बुरशी आजूबाजूचं नत्र ओढून आणते. ऐनाचं चिवट पान तर ते कितीतरी महिने धरून ठेवतं, मग हळूहळू सोडतं. बोलताना आवाज अजिबात कापला नाही. तू असायला हवी होतीस.

वहिनी, तू नसतीस तर हा प्रबंधच नसता. हे मी तुला कधी नीट सांगितलं नाही.

पान कसं कुजतं ते मोजायला पाचोळा भरलेल्या त्या जाळीच्या पिशव्या दादाने माझ्यासोबत रानात अंथरल्या होत्या. खुंट्या ठोकताना डासांना शिव्या घालत होता. पुढच्याच महिन्यात त्याला ताप आला आणि बघता बघता तो गेला. त्यानंतर मी अंथरुणाला खिळले. पिशव्या ठरल्या वेळी काढल्या नाहीत तर सगळं फुकट जाणार हे कळत होतं, पण उठवत नव्हतं. आणि एका सकाळी तू माझ्या खोलीच्या दारात. नवरा तुझा गेला होता, आणि डबा घेऊन माझ्याकडे आली होतीस तू!

"समिधा, ऊठ. पिशव्या काढायच्यात ना? मला जागा माहीत नाही, नाहीतर एकटीच गेले असते."

येऊरला आपण पहिली पिशवी उघडली. पानाची नुसती जाळी उरलेली, आणि झाडाची केसासारखी मुळं पिशवीच्या भोकांतून आत शिरलेली. तू विचारलंस, "मग बाकीचं पान गेलं कुठे गं?" मी सांगायला लागले. कित्येक दिवसांत मी एवढं बोलले नव्हते. सांगता सांगता तिथेच ओल्या पाचोळ्यात बसून रडले. तू पिशव्यांना चिठ्ठ्या बांधत राहिलीस. नंतर वर्षभर, शाळेला सुट्टी असली की तू आलीस.

आता जे टाळतेय ते लिहिते. फोनवर मला ते बोलता आलं नसतं.

तुझ्या शाळेत शिकवणाऱ्या प्रीतमशी लग्न करू का, असं तू मला विचारलंस, आणि मी "नंतर बोलू" म्हणून फोन ठेवला. राग नव्हता गं. भीती वाटली. दादा गेला, आता तूही जाणार असं वाटलं.

रविवारी मी आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. हात थांबले.

"मला नाही विचारलं तिने."

"तुला कसं विचारेल ती, आई?"

आईने जुडी बाजूला सारली आणि म्हणाली, "मुलगा चांगला आहे ना? मग तिला सांग, केळवण पहिलं आपल्याकडे. तिच्या आईच्याही आधी. दोन वर्षं माझं सगळं तिने केलं, माझा तेवढा हक्क आहे." आणि पदराने डोळे पुसत आत गेली. थोड्या वेळाने आतून ओरडली, "त्याला वांगं चालतं का विचार!"

तेव्हा विचारून कळव.

माझं मत हवं होतं ना तुला? लग्न कर, वहिनी. मनापासून कर. मी नटून येणार आहे, आणि रडले तर दुर्लक्ष कर.

प्रबंध छापायला जातोय. आभारात आडनाव न घालता नुसतं "वर्षाली वहिनी" लिहिलंय. ते मी बदलणार नाही.

तुझी, लग्नानंतरही नणंदच,
समिधा