तुझ्या स्थळाचं काय झालं

चि. दगाभाऊ यास,

म्हसावदहून सरलाताईचा अनेक आशीर्वाद. गुडघा आता जिना चढू देतो का? भावजयीच्या डोळ्याची पट्टी निघाली असेल, तिला म्हणावं चुलीपाशी बसू नको (ती ऐकायची नाही, पण म्हणावं). इकडे सगळे खुशाल, केळीही बरी आहे.

तू सुचवलेलं स्थळ येऊन गेलं. हिंमतरावांचा फोन आलाच असेल, पण ते रागात आहेत, म्हणून खरं काय घडलं ते मी लिहिते. आपली भूमिका नाशिकला मोठी पदवी शिकते ना, पोरांनी पुढे काय शिकावं, कुठला धंदा धरावा, हे त्यांचं त्यांना शोधायला मदत करायची. त्यात म्हणे आपण सल्ला द्यायचाच नाही, नुसतं विचारायचं आणि गप्प बसायचं. (आपल्या घरात हे कुणाला जमलंय?) तिच्या बापाचं, हेमकांतचं, आधीच ठरलं होतं, लग्न जमलं की शिक्षण बंद. पोर आठ दिवस नीट जेवली नव्हती.

तर रीतीप्रमाणे दोघांना ओट्यावर बोलायला पाठवलं. अर्धा तास झाला, तास झाला. आत आम्ही खूष. हिंमतराव तर मांडवाचं बोलू लागले, मी आहेराच्या साड्या मनात मोजल्या. तेवढ्यात त्यांचा नवनीत आत आला, डोळे पुसलेले, आणि म्हणाला, "बाबा, माले खत-बियाना दुकानमा बसानं नही. माले नर्सिंग शिकानं शे. लगीन मंग देखू."

आजारी आजीची सेवा यानेच केली होती, ते काम त्याला आवडलं होतं, पण आजवर कुणी विचारलंच नव्हतं. हिंमतराव उठले. "आम्ही पोर देखाले उनूत, का पोऱ्याले शाळामा टाकाले?" म्हणून चप्पल घातली, तीही हेमकांतची.

मला वाटलं, आता हेमकांत पोरीवर बरसणार. तो अनवाणीच ओट्यावर गेला आणि तिला म्हणाला, "अर्धं शिकीसन इतलं करस, तर पुरं शिकीसनच ये." दगा, पोर त्या दिवशी पोटभर जेवली. सोमवारी नाशिकला गेली.

तुझी,
सरलाताई

ता. क. हिंमतराव तुझ्याकडे आले तर चहा पाज, बोलू दे, मध्ये बोलू नकोस. हेमकांतची चप्पल तेवढी काढून घे.

आणखी एक. खरं कामाचं राहिलंच. परीक्षेआधी भूमिकाला अशा बऱ्याच पोरांशी बोलून सराव करावा लागतो, आणि एरवी आपल्याकडची पोरं आपणहून कुठे बोलायला येतात? तेव्हा अजून स्थळं असतील तर पाठवत राहा. पोहे मी करीन. लग्नाचं मात्र कुणाला मनावर घेऊ देऊ नकोस.