गाळणीपायी वाचलेली एकोणतीस पानं

टेकडीवरचं घर, व्हरमाँट
११ मार्च

प्रिय आल्डन,

तू बरा असशील, तिकडे मेन राज्यातही बर्फ वितळू लागला असेल. आम्ही दोघं खुशाल. रात्री गोठतंय, दिवसा उन्हं पडतायत. मेपलला पाझर फुटायला याहून चांगले दिवस कुठले? घरामागच्या नऊ झाडांना टांगलेल्या बादल्या दुपारपर्यंत रसाने भरतात, मग तो आटवून पाक करतो. काल ताज्या बर्फावर गरम पाक ओतला आणि चिवट झाल्यावर खाल्ला, सोबत आंबट काकडी. तुझी वहिनी व्हर्ना म्हणाली, "मास्तर, दात आता फक्त कविता म्हणण्यापुरते उरलेत तुमचे!" उरलेत तेवढे पुरतात.

अकरा वर्षांनी तुला लिहितोय, ते एका गाळणीमुळे. पाक गाळायची लोकरी गाळणी फाटली. गावातलं दुकान कधीच बंद झालं, म्हणून इंटरनेटवरून मागवायला बसलो. नाव, पत्ता, सगळं भरलं आणि शेवटी एक रिकामा चौकोन. 'मी सर्व अटी व शर्ती वाचल्या आहेत आणि त्या मला मान्य आहेत.' त्यावर खूण केल्याशिवाय गाळणी नाही.

अटी छापून काढल्या. एकोणतीस पानं.

"काय मास्तर, पेपर तपासताय?"

"वाचल्याशिवाय वाचलं असं कसं म्हणू?"

"सगळं जग म्हणतं! त्या दुकानदारालाही ठाऊक आहे, कुणी वाचत नाही ते. करा खूण, तिकडे पाक उतू चाललाय."

तिचं खरंच होतं. दोघांनाही ठाऊक असलेलं खोटं मग वदवून कशाला घ्यायचं? आपला म्हातारा एझ्रा आठवतो? बूट गळाला तर "घेऊन ये परत" एवढीच त्याच्या दुकानाची अट. या गाळणीवाल्यांनीही आपल्या अटी खुशाल भिंतीवर लावाव्यात, पण माझ्या तोंडून 'वाचल्या' असं म्हणवून घेऊ नये. शाळेत बाई कविता शिकवून झाली की विचारायच्या, "अर्थ कळला ना?" आणि आपण एका सुरात, "हो बाई!" पुढे मी मास्तर झालो आणि चाळीस वर्षं तेच विचारत राहिलो. तो 'हो' कानाला फार गोड लागायचा रे.

दोन दिवस बसून सगळी पानं वाचली. खूण करायला बोट उचललं, तेवढ्यात व्हर्ना सहज म्हणाली, "आईंच्या जमिनीचा कागदही असाच वाचला असेल ना तुम्ही?"

माझं बोट तिथंच राहिलं.

आल्डन, तो कागद मी वाचला नव्हता.

तू फोनवर विचारलं होतंस, "मर्ट, नीट वाचलंस ना?" मी म्हटलं, "शब्दन् शब्द." माझ्या भरवशावर तू सही करून कागद टपालाने परत पाठवलास. मी समजत होतो, खालचं कुरणच विकतोय. वरचं मेपलचं रानही त्यात गेलंय, हे मला करवतींचा आवाज ऐकू आला तेव्हा कळलं. तू म्हणालास, मी जाणूनबुजून विकलं, तुला फसवलं. मी गप्प राहिलो. लबाड म्हणवून घेणं जमलं मला. न वाचता सही करणारा मास्तर म्हणवून घेणं जमलं नाही.

हे सगळं प्रथम व्हर्नाला सांगितलं. तिने चुलीवरचा पाक खाली उतरवला. मग म्हणाली, "मला सांगून काय उपयोग? ज्याचं रान गेलं त्याला सांगा." आणि हा कागद पुढ्यात ठेवला.

खरं सांगू? आज फार हलकं वाटतंय. खिडकीबाहेर बादलीत थेंब पडतायत, टप्, टप्, बाई टेबलावर छडीने ताल धरायच्या तसे. उत्तर द्यावंस, यावंस, माफ करावंस, अशी कुठलीच अट नाही. रान तर परत येणार नाहीच. वाटलं तर ये; पाक उन्हाळ्यापर्यंत पुरेल.

हे पत्र दोनदा पूर्ण वाचलं आहे. आता सही करतो.

तुझा भाऊ,
मर्टन